रात्रपाळीत एकटी उभी राहील अशी सिस्टर घडवताना

ग्रामीण रुग्णालय म्हणजे ३० खाटा. रात्री आठला दुपारपाळीची सिस्टर चार्ज देऊन निघते, आणि त्या ३० खाटा, लेबर रूम, अवेळी येणारी इमर्जन्सी, व्हरांड्यात पथारी टाकून बसलेले नातेवाईक, सगळं एका किंवा फार तर दोन सिस्टरांच्या हाती येतं. डॉक्टर क्वार्टरवर. मावशी एक, वॉर्डबॉय एक. आमच्या हातून शिकून गेलेल्या कितीतरी मुलींच्या वाट्याला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात अशी रात्र येते. तिच्या ऑर्डरवर कुठेही 'प्रमुख' लिहिलेलं नसतं, पण त्या रात्री सगळे तिच्याच तोंडाकडे बघतात.

भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात नर्सिंग मॅनेजमेंट आणि लीडरशिप हा विषय सहाव्या सत्रात आहे. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, तो तिसऱ्या वर्षी येतो. तोवर थांबू नका, हे नर्सिंग शिकवणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं. आमच्याकडच्या, विदर्भातल्या मुली बहुतेक शेतकरी-शेतमजूर घरांतून येतात. लहानपणापासून त्यांना 'मोठ्यांसमोर बोलू नये' हे शिकवलेलं असतं, आणि पहिल्या दोन वर्षांत आपणही त्यांना उभं राहून ऐकायलाच शिकवतो. मग तिसऱ्या वर्षी एकदम 'नेतृत्व करा' म्हटलं तर मुलगी फळ्यावरची व्याख्या उतरवून घेते आणि परीक्षेत लिहून येते.

नेतृत्वाचे प्रकार, व्यवस्थापनाची तत्त्वं, नियोजन, नियंत्रण हे सगळं शिकवायचंच आहे, परीक्षा त्यावर आहे. पण त्याला मोजके तास पुरतात. बाकी सगळा वेळ मी दोन गोष्टींवर घालवते. एक, आधी मोजून ठेवणं. दुसरी, वेळेत तोंड उघडणं. खालचा क्रम याच दोन गोष्टींभोवती आहे.

सुरुवात वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरपासून

पहिली भेट मुलींशी नाही, वॉर्डच्या परिसेविकेशी, म्हणजे इन्चार्ज सिस्टरशी घ्या. तिला विचारल्याशिवाय तिच्या वॉर्डात मुलींना जबाबदारी देता येत नाही, आणि तिचा पाठिंबा नसेल तर मुली तिथे फक्त बीपी घेत फिरतात. तिच्याशी बसून ठरवा की कोणतं काम विद्यार्थिनी स्वतः करेल, कोणतं सिस्टर शेजारी उभी असताना करेल आणि कशाला हातच लावणार नाही. हे कागदावर लिहून वॉर्डात लावा.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगा. विद्यार्थिनी ही रिकाम्या पदाची भरपाई नाही. स्टाफ कमी म्हणून दुसऱ्या वर्षाच्या मुलीवर वॉर्ड सोडून देणं हे नेतृत्वाचं शिक्षण होत नाही. त्यातून ती फक्त घाबरायला शिकते, आणि पेशंटचा जीव टांगणीला लागतो तो वेगळाच. जबाबदारी खरी हवी, पण मागे हात धरणारं कुणीतरी हवंच.

इमर्जन्सी ट्रेचा चार्ज

पहिल्या वर्षाच्या शेवटी प्रत्येक मुलीला आठवडाभर इमर्जन्सी ट्रेचा, म्हणजे तातडीच्या औषधांच्या आणि साधनांच्या ट्रेचा, चार्ज द्या. यादी तिच्याकडून लिहून घ्या. रोज पाळी सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ट्रे तपासायचा, सही करायची आणि कमी असेल ते इन्चार्जला सांगायचं.

मुली सुरुवातीला यादी वाचतात आणि 'आहे, आहे, आहे' म्हणत टिक करतात. तिथे थांबवा. 'आहे' आणि 'चालतं' यातला फरक हातानेच कळतो. अँब्यूबॅग, म्हणजे दाबून श्वास द्यायची पिशवी, आहे, ठीक. पेशंटकडचं तोंड तळव्याने बंद करून दाबून बघ, हवा कुठून निसटते का. घशात बघायचा लॅरिंगोस्कोप आहे, पण बल्ब लागतो का? ऑक्सिजनचं सिलिंडर भरलेलं आहे, मग ते उघडायची चावी कुठे आहे? ती सुतळीने सिलिंडरलाच बांधून ठेव. बाळंतपणातला रक्तस्राव आवरणारं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. मग काल दुपारी चार तास लाइट गेली तेव्हा फ्रिजचं तापमान किती झालं होतं, ते कुणी बघितलं?

यानंतर हंगामाचा हिशोब. विदर्भातल्या सिस्टरला दवाखान्याच्या कपाटासोबत शेताचं कॅलेंडरही कळायला हवं. एप्रिल-मे मध्ये चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा उष्माघाताच्या खोलीतला कूलर चालतो का, बर्फ कुठून येणार, ओआरएस किती आहे, हे मार्चमध्येच बघायचं. पेरणी लागली की सर्पदंश वाढतात. मुलींना विचारा, 'कपाटात अँटी स्नेक व्हेनमच्या ६ व्हायल आहेत. पुरतील?' बहुतेक 'हो' म्हणतात. मग सांगा की विषबाधेची लक्षणं असलेल्या एका पेशंटचा सुरुवातीचा डोसच साधारण ८ ते १० व्हायलचा असतो. म्हणजे तुझ्या कपाटात एका माणसाचंसुद्धा औषध नाही. रक्त गोठतं की नाही हे बघायची २० मिनिटांची चाचणी काचेच्या, स्वच्छ, कोरड्या टेस्ट ट्यूबमध्येच करावी लागते. प्लास्टिकच्या नळीत ती फसते. ती काचेची नळी ड्रॉवरमध्ये आहे का?

पुढे फवारणीचे दिवस येतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली, त्यात माणसं दगावली. त्यामुळे या विषावरच्या औषधाचा, अ‍ॅट्रोपिनचा हिशोब मी फळ्यावर मांडून दाखवते. एका अँप्युलमध्ये ०.६ मिलिग्रॅम. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेच्या गंभीर पेशंटला डॉक्टर १.८ मिलिग्रॅमने सुरुवात करतात आणि दर पाच मिनिटांनी परिणाम बघून डोस दुप्पट करतात, असं धरा. आधी ३ अँप्युल, मग ६, मग १२. दहा मिनिटांत २१ अँप्युल संपल्या. डोस डॉक्टर ठरवतील, पण ट्रेमध्ये दहाच अँप्युल होत्या याचा जाब सिस्टरला द्यावा लागेल. हे गणित एकदा स्वतःच्या हाताने केलं की इंडेंट, म्हणजे औषधांची मागणी, हा शब्द मुलींना कंटाळवाणा वाटत नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा धडा मी याच आठवड्यात घेते. दिवा घेतलेली बाई सगळ्यांना माहीत असते. मी मुलींना आकडे मांडणारी बाई दाखवते. १८५४ मध्ये क्रिमियन युद्धात ती स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेली, आणि जखमांपेक्षा रोगराईने जास्त सैनिक मरताहेत हे तिने पुढे मोजून, आकृत्या काढून सरकारसमोर ठेवलं. तिचं ऐकलं गेलं, कारण तिच्या हातात हिशोब होता.

ओव्हर देणं-घेणं

ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवणं, टेबलापाशी बसून होत असेल तर ती खाटेपाशी न्या. प्रत्येक खाटेसमोर दोघी उभ्या, पेशंट ऐकतोय, आणि जाणारी सांगतेय की नाव काय, काय झालंय, आज काय बदललं, काय द्यायचं राहिलं आणि रात्री कशावर लक्ष ठेवायचं. येणारीने सलाईनची बाटली, लघवीची पिशवी आणि टाके स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे.

यासाठी माझा एक सराव आहे. ओव्हर झाल्यावर येणाऱ्या मुलीला मी बाजूला घेते आणि विचारते, 'आज रात्री या वॉर्डात सगळ्यात आधी कुणाची तब्येत बिघडेल असं तुला वाटतं?' पहिल्या आठवड्यात उत्तर येतच नाही. दोन-तीन आठवड्यांनी मुली वाद घालू लागतात, कुणी म्हणते ४ नंबरचे दम्याचे बाबा, कुणी म्हणते ११ नंबरची सिकलसेलची पोरगी, कारण ती संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीये. अशी वादावादी सुरू झाली की मला बरं वाटतं. प्राधान्य ठरवणं म्हणतात ते हेच.

डॉक्टरांना फोन करणं

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. कारण मी स्वतः इथे चुकले आहे.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं, एक ग्रामीण रुग्णालय, रात्रपाळी. बाळंतीण बाईची सासू धावत आली, 'सिस्टर, पोरीले चक्कर येऊन राह्यली, लय रक्त जाऊन राह्यलं.' मी गेले, बाई पांढरी पडलेली दिसली. मी डॉक्टरांना फोन लावला आणि म्हणाले, 'सर, पेशंटला बरं वाटत नाहीये.' ते दिवसभर ओपीडी आणि पोस्टमॉर्टेम करून नुकते आडवे झाले होते. म्हणाले, 'सलाईन लावा, बघतो.' मी फोन ठेवला. सलाईन लावलं. चाळीस मिनिटांनी बाईचा हात थंड लागला तेव्हा मी पुन्हा फोन केला आणि या वेळी पल्स, बीपी, किती पॅड भिजले ते सगळं सांगितलं. ते तसेच अनवाणी पळत आले. बाईला जिल्ह्याला हलवलं, रक्त चढलं, ती वाचली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एवढंच विचारलं, 'पहिल्या फोनला पल्स का नाही सांगितलात?' मी तो मोजलाच नव्हता.

ती चाळीस मिनिटं मी प्रत्येक बॅचला सांगते. चूक लपवून शिकवता येत नाही.

फोन कसा करायचा याची पद्धत जगभर आहे, तिला एसबार म्हणतात. मी ती चार प्रश्नांत मांडते. आत्ता काय झालंय? मागे काय झालं? मला काय वाटतं? मला तुमच्याकडून काय हवंय? फोन उचलण्याआधी नाडी, रक्तदाब, श्वास, शुद्ध हे कागदावर लिहिलेलं हवं आणि केसपेपर हातात हवा. मग असं बोलायचं:

'सर, लेबर रूममधून सिस्टर बोलतेय. ३ नंबरच्या बाईला डिलिव्हरीनंतर जास्त ब्लीडिंग होतंय. दुसरी खेप, नॉर्मल डिलिव्हरी, पाऊण तास झाला, प्लासेंटा पूर्ण आलाय, ऑक्सिटोसिन १० युनिट दिलंय. आता पल्स १२४, बीपी ९० बाय ६०, तीन पॅड भिजलेत, गर्भाशय मऊ लागतंय. मला पीपीएच वाटतंय. मसाज चालू आहे, सलाईन लावलंय. सर, तुम्ही आत्ता या. १०८ ला कळवून ठेवू का?'

पीपीएच म्हणजे बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव. मोठ्याने वाचून बघा, मिनिटभरही लागत नाही. वर्गात हा सराव खऱ्या फोनवर घ्या. शिक्षिकेने शेजारच्या खोलीत बसून झोपेतून उठलेल्या डॉक्टरसारखं बोलायचं, मध्येच तोडायचं, 'बरं बरं, सकाळी बघू' म्हणायचं. मुलीने फोन न ठेवता पुन्हा म्हणायचं, 'सर, मला काळजी वाटतेय. तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं.' हे वाक्य तोंडात बसेपर्यंत वीस वेळा म्हणून घ्या. पहिल्यांदा कित्येक मुलींचा आवाज फुटत नाही. एक मुलगी फोन हातात धरून रडली होती. घरात तिने कधी बापाला 'नाही' म्हटलेलं नव्हतं, तर डॉक्टरांना कुठून म्हणणार? तिला मी रोज एक फोन करायला लावला. महिन्याभराने ती मलाच म्हणाली, 'मॅडम, तुम्ही मध्ये बोलू नका, माझं पूर्ण होऊ द्या.'

डॉक्टर आलेच नाहीत तर? फोन केल्याची वेळ आणि मिळालेलं उत्तर नोंदवायचं, पुन्हा फोन करायचा, तरी नाही तर वैद्यकीय अधीक्षकांना. ही पुढची पायरी मुलींना आधीच माहीत हवी. ऐन वेळी ती कुणाला सुचत नाही.

भाषेचंही थोडं. मुलगी वऱ्हाडी किंवा झाडी बोलीत बोलते म्हणून तिला वॉर्डात हसू नका, हसू देऊ नका. सासूला 'काही घाबरू नका, मी हावो न इथं' असं सांगणारी सिस्टर त्या घराचा विश्वास दोन मिनिटांत मिळवते. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया येणारी मुलगी तर पथकाची मोठी ताकद आहे. समजावून सांगायचं काम तिच्याकडे द्या.

वयाने मोठ्या माणसाला काम सांगणं

वीस वर्षांची विद्यार्थिनी आणि पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या मावशी. मुलगी एकतर सांगतच नाही, सगळं स्वतः करत बसते, नाहीतर हुकूम सोडते आणि मावशी दुखावतात. 'मावशी, जरा तिकडे बघा ना' असं सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. नीट सांगणं असं असतं: 'मावशी, ५ नंबरच्या आजींची चादर ओली झालीय, आधी ती बदलू, मी आजींना कुशीवर धरते. मग लेबर रूमची फरशी पुसून घ्या, साडेनऊला एक पेशंट आत घ्यायचीय. झालं की मला हाक मारा.' काय, कधीपर्यंत, का, आणि झाल्यावर कळवा. पहिल्या कामाला स्वतःचा हात लावला की दुसरं काम सांगणं सोपं जातं.

काय सोपवायचं नाही हेही तितकंच पक्कं करा. इंजेक्शन, गंभीर पेशंटची पाहणी, औषध देणं हे कुणावर ढकलायचं नाही. आणि वापरलेली सुई जिने टोचली तिनेच पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात टाकायची. ट्रेमध्ये राहिलेली सुई सफाईवाल्या ताईंच्या हातात घुसते. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम शिकवताना मी मुलींना सफाई कामगारांसोबत एक फेरी करायला लावते. पिवळ्या पिशवीत काय काय निघतं ते त्यांनी बघावं.

ड्युटीचा तक्ता

ड्युटी लावणं कठीण आहे हे मुलींना कागद-पेन्सिल दिल्याशिवाय कळत नाही. हे उदाहरण द्या. सहा सिस्टर आहेत. सकाळी दोन, दुपारी एक, रात्री एक, म्हणजे रोज ४ आणि आठवड्याला २८ ड्युट्या भरायच्यात. प्रत्येकीला एक वीकली ऑफ, म्हणजे सहा जणी मिळून ३६ ड्युट्या करू शकतात. शिल्लक ८. नाइट दोघींत वाटली आणि दोघींना एकेक नाइट ऑफ दिला, शिल्लक ६. आता एक सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर गेली. तिच्या ६ गेल्या. शिल्लक शून्य.

इथे मुली गप्प होतात. मग विचारा की या आठवड्यात एकीला ताप आला तर? आणि या आठवड्यात महालक्ष्म्या असतील तर? आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाला घरची सून हजर नसणं ही साधी गोष्ट नाही. पोळ्याला, तान्ह्या पोळ्याला लेकराची आई सुट्टी मागणारच. कुणाला द्याल, कुणाला नाही म्हणाल, आणि कोणत्या शब्दांत? मुलींचे दोन गट करा, प्रत्येकाने तक्ता लावावा, मग दुसऱ्या गटाने त्यातल्या सिस्टर होऊन तक्रारी कराव्यात. मागच्या वर्षी सणाला ड्युटी कुणी केली याची नोंद ठेवायची, हा तोडगा मुली बहुतेक वेळा स्वतःच काढतात. आपण काढून देऊ नये.

गावात गेल्यावर

सामुदायिक पोस्टिंगला मुलींना फक्त सर्वेक्षणाचे फॉर्म भरायला लावणं ही संधी वाया घालवणं आहे. उपकेंद्र सपाटीवर साधारण ५,००० लोकसंख्येला आणि आदिवासी भागात ३,००० ला असतं. त्यातल्या दोन गावांच्या गरोदर बायांची यादी उपकेंद्रातल्या एएनएम (परिचारिका) ताईंच्या परवानगीने घ्या, आणि एकच काम द्या. जुलै-ऑगस्टमध्ये कुणाचे दिवस भरतात, आणि पुरात कुणाचा रस्ता तुटतो?

गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो. छोट्या नाल्यांवर तर हे विदर्भात कितीतरी गावांत होतं. त्यामुळे तारखेपासून मागे मोजत यायचं. दिवस भरायच्या किती आधी बाईला माहेरघरात (दवाखान्याजवळ गरोदर बायांच्या मुक्कामाची सोय) किंवा रस्त्यावरच्या गावात नातेवाइकांकडे आणायचं, सोबत कोण येईल, घरी राहिलेल्या मोठ्या लेकराला कोण बघेल, रोवणीच्या दिवसांत नवऱ्याची मजुरी बुडेल त्याचं काय? यादी करून मुलींनी आशाताईंसोबत त्या घरी जायचं. आशाताईंच्या मागे उभं राहून ऐकायचं, त्यांना शिकवायला जायचं नाही. गावात त्यांचा शब्द चालतो. दुसऱ्याच्या नेतृत्वाखाली काम करणंही इथेच शिकता येतं.

चुकीची वही आणि गुण

वॉर्डात चूक झाली की पेशंटसमोर ओरडू नका. आधी पेशंटला सांभाळा, सिस्टरला कळवा, मग मुलीला बाजूला घ्या. माझ्याकडे एक वही आहे. तिच्यात नाव लिहायचं नाही. काय घडलं, कधी लक्षात आलं, पुढच्या वेळी आधी काय करता येईल, एवढंच. महिन्यातून एकदा ती वर्गात वाचतो. त्या वहीतून आमच्या वॉर्डातले दोन सारखे दिसणारे अँप्युल वेगवेगळ्या खणांत गेले.

गुण देताना लेखी परीक्षेखेरीज एक अर्धी पाळी घ्या. मुलगी चार तास सहा खाटांची इन्चार्ज, परिसेविका आणि तुम्ही मागे. ओव्हर, कामाची वाटणी, एक फोन, एक नाराज नातेवाईक, शेवटची नोंद. मध्ये पडू नका, फक्त पेशंटला धोका असेल तरच हात घाला. नंतर आधी तिला बोलू द्या, मग परिसेविकेला, सगळ्यात शेवटी तुम्ही.

आणि पोस्टिंग संपतं त्या दिवशी ट्रेचा चार्ज पुढच्या बॅचच्या मुलीला तिनेच द्यायचा. एकेक वस्तू काढून, अँब्यूबॅग दाबून, व्हायल मोजून. वहीत दोघींच्या सह्या, तारीख आणि वेळ.